थ्रॉटल दिला की मशीन बसायची

माझ्या होडीच्या मशीनची, म्हणजे मागे लावायच्या आउटबोर्ड इंजिनची, सुरू व्हायला कधी कुरकुर नव्हती. दोरीच्या दुसऱ्या ओढीला पेटायची, न्यूट्रलला एका ठेक्यात चालायची, गिअरमध्ये टाकून जेटीपासून हळूहळू बाजूला घेतली तरी शहाण्यासारखी वागायची. थ्रॉटल पूर्ण पिळला की होडी नाक वर करून उठायची, मग सपाट होऊन पाण्यावरून धावायला लागायची, आणि मिनिटभर झालं न झालं तोच आवाज जाड व्हायचा. फेरे उतरत जायचे, नाळ, म्हणजे होडीचं नाक, खाली बसायची आणि आपलीच मागची लाट येऊन ट्रान्समवर, मशीन अडकवतात त्या मागच्या फळीवर, थडकायची. थ्रॉटल कमी केला की गाडी पुन्हा ताळ्यावर. थोडा वेळ हळू चालवून परत पिळला की परत तेच नाटक.

मालवणजवळच्या देवबागला राहणाऱ्याला यातली मेख सांगायला नको. कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं आणि समोरून लाट आत येत असते. दोघांची गाठ पडते त्या पट्ट्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथे मागाल तेव्हा मशीनने ताकद दिलीच पाहिजे. होडी आडवी आणि मशीन बसलेली, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. म्हणून दुखणं सापडेपर्यंत होडीत पर्यटक घ्यायचे नाहीत असं ठरवलं. ऑक्टोबरात, सीझन नुकता उघडलेला असताना, हे खिशाला किती झोंबतं ते सांगत बसत नाही.

मशीन म्हणजे ४० एचपीची टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची, टिलरवाली (हाताच्या दांड्याने वळवायची), पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळून चालणारी. टाकी सुटी, २४ लिटरची, होडीतच ठेवायची. टाकीतून पाइप निघतो, पाइपाच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी प्राइमर बल्ब, पुढे कनेक्टर आणि मग मशीन. सरळसाधी मांडणी. या एवढ्याशा रांगेत बिघाड लपायला किती जागा असतात ते पुढे कळलं.

जेटीवर सल्ल्याला तोटा नसतो. कुणी म्हणालं प्लग बदल, कुणी म्हणालं कॉइल तापल्यावर मरते, कुणी पेट्रोलच भेसळीचं ठरवलं. बहुमत अर्थातच कार्बोरेटरच्या बाजूने होतं. टू-स्ट्रोक आउटबोर्डला काहीही झालं की कार्बोरेटर साफ करायचा, हा आमच्याकडचा हुकमी इलाज. त्यात तथ्य नाही असं नाही. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, अर्धवट तुंबला तर हळू चालताना सगळं ठीक आणि थ्रॉटल दिला की उपासमार, हेच लक्षण दिसतं. म्हणून मशीन उतरवून एका गॅरेजात नेली. कार्बोरेटर उघडून जेट साफ झाले, नवी किट पडली, नवे प्लग लागले. मग मशीन पाण्याच्या पिंपात उभी करून चालवून दाखवली. पिंपात ती चाललीच! मिस्त्री म्हणाला, बघा, कशी पळतेय.

पिंपातली परीक्षा ही माझ्या मते अशा बिघाडाला निरुपयोगी आहे. पिंपात मशीनला भार कसला? पाण्यातला पंखा (प्रोपेलर) जरा जोरात फिरवला तर पाणीच बाहेर फेकलं जातं, त्यामुळे थ्रॉटल जेमतेम वर नेता येतो. ४० एचपीची टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला १५ ते १८ लिटर पेट्रोल ओढते. नुसती धुगधुगत ठेवली तर दीड-दोन लिटरमध्येही तास जातो. वाटेत कुठे अडथळा असेल तर दीड लिटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. तो पंधरा लिटरला आडवा येणार, आणि पंधरा लिटर मागायला होडी धावावी लागते. खाडीत उतरवली तर मशीन पहिल्यासारखीच बसली. बिल मात्र कोरं करकरीत.

इथून पुढे मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी हे पाण्यावरच शोधायचं ठरवलं. भरती भरत आली की पाणी जरा स्थिर असतं, ती वेळ धरायची. संगमाकडे न जाता खाडीच्या आतल्या अंगाला राहायचं. नांगर मोकळा, वल्ही हाताशी, दोघांच्या अंगात जॅकेट. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा एक छोटा फेरे-मीटर मिळतो, तोही लावून घेतला. कानाने ऐकलेलं पुढे वादात टिकत नाही, आकडा टिकतो.

पहिला प्रश्न फेऱ्यांचाच. वेग पडतो तेव्हा मशीनचे फेरे वाढतात की उतरतात? फेरे एकदम वर गेले, आवाज किंचाळला आणि होडी मात्र पुढे सरकत नसेल, तर मशीन निर्दोष आहे. मग पंखा हवा पकडतोय, नाहीतर पंख्याच्या आतली रबरी बुश सटकली आहे. ही बुश मुद्दामच तशी बसवलेली असते, खडकाला पंखा लागला तर धक्का गिअरपर्यंत जाऊ नये म्हणून. जुनी झाली की ती भाराखाली घसरायला लागते. मीटर सांगत होता की आमचे फेरे मिनिटाला ४८०० च्या आसपास चढून ३२०० पर्यंत उतरतात. म्हणजे दम मशीनचाच जातोय. तरी खात्रीसाठी पंख्याच्या आतल्या भागावरून बाहेरच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढली. फेरी मारून आल्यावर रेघ जागच्या जागी होती. बुश घसरली असती तर रेघेचे दोन तुकडे झाले असते.

त्याच निमित्ताने पंखा काढून आत बघितलं, तर शाफ्टवर तंगूस गुंडाळलेला. मासेमारीची पातळ नायलॉन दोरी, गरम होऊन वितळल्यासारखी घट्ट बसलेली, शाफ्टला जणू कुणी पांढरं कडंच घातलंय. ब्लेडने कापत कापत काढली. तिच्या खाली तेलाच्या सीलवर बारीक खाच पडलेली दिसली. गिअरचं तेल थोडं काढून पाहिलं. पाणी शिरलं तर तेल दुधाळ होतं. आमचं अजून स्वच्छ होतं. हे वेगळं दुखणं, आपण शोधत असलेलं नव्हे, म्हणून बाजूला ठेवलं. एक शोधताना दुसरं सापडलं की लोक तिथेच थांबतात आणि ‘सापडलं’ म्हणतात.

तापण्याचा प्रश्न लवकर मिटला. मशीनच्या मागून पडणारी पाण्याची धार जोरदार होती, हाताला कोमट लागत होती, आणि मशीन बसत असतानाही तिच्यात फरक पडत नव्हता.

मग ठिणगी की पेट्रोल? विजेचा बिघाड बहुतेक वेळा तडकाफडकी असतो. चालता चालता एक सिलिंडर गप्प होतो, झटका बसतो, आवाज फाटका होतो, कधी लगेच परत येतो. आमची मशीन झटके न देता सावकाश, इमानदारीने खचत होती. पेट्रोल कमी पडल्याची ही चाल. पुरावा म्हणून प्लग बघायचे होते. मशीन बसायला लागली त्याच क्षणी, थ्रॉटल कमी न करता, किल स्विचची लाल दोरी ओढून तिला बंद केलं आणि होडी डुलत असतानाच दोन्ही प्लग खोलले. थ्रॉटल कमी करून सावकाश बंद केली असती तर प्लगवर त्या शेवटच्या हळू चालण्याचाच रंग चढला असता. दोन्ही प्लगांची पांढरी चिनीमाती कोरडीठाक, नेहमीचा बिस्किटी तपकिरी रंग गायब. एकच पांढरा असता तर त्या सिलिंडरकडे बोट दाखवलं असतं. दोन्ही सारखेच पांढरे, म्हणजे दोघांना मिळून जिथून पेट्रोल येतं तिथेच कमी पडतंय.

हे पाहिल्यावर मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, कारण तेल पेट्रोलातूनच येतं. पूर्ण थ्रॉटलला अशी कोरडी पळवत राहिलो तर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मग सगळा खर्च नव्याने. त्यामुळे पुढच्या सगळ्या चाचण्या आखूड ठेवल्या. बसायला लागली की काय बघायचं ते बघून लगेच थ्रॉटल खाली.

सगळ्यात कामाची चाचणी फुकटची निघाली. ती सांगितली जेटीवरच्या एका तात्यांनी, आणि तीही चहा पिता पिता. म्हणाले, “मशीनीक पेट्रोल पोचणा नाय. बसाक लागली काय दुसऱ्यान तो बल्ब दाबूक होयो. उचलल्यान तर दुखणा मशीनीच्या भायर आसा.” बस्स, एवढंच. कार्बोरेटरचं नावही काढलं नाही.

मी टिलरवर, भाऊ टाकीजवळ उकिडवा. थ्रॉटल दिला, होडी उठली, धावली, आवाज जाड व्हायला लागला. “दाब!” त्याने दाबला आणि मशीनने खरोखरच श्वास घेतला, फेरे पाचशेने वर. पण लगेच भाऊ ओरडला, “दादा, ह्यो फुगणाच नाय!” मान वळवून पाहिलं तर बल्ब दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारखा आत बसलेला, दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या. मी थ्रॉटल खाली आणला. पाच-सहा श्वास जातील एवढ्या वेळात तो आपोआप सावकाश भरून गोल झाला.

या एका दृश्यात अर्धं निदान होतं. बल्ब टणक राहूनही मशीन उपाशी असती तर अडथळा बल्बच्या पुढे असता: कनेक्टर, फिल्टर, फ्लोटची सुई किंवा जेट. बल्ब नुसताच मऊ राहिला असता, दाबून दाबूनही टणक झाला नसता, तर बहुधा कुठून तरी हवा ओढली जात असती, किंवा बल्बचा व्हॉल्व्हच गेला असता. इथे तो चोखून चपटा झाला होता. याचा अर्थ मशीनचा पंप ठणठणीत आहे, जीव तोडून ओढतोय, आणि मागून, टाकीच्या बाजूने, काही येत नाही. नवी किट घातलेला तो कार्बोरेटर बिचारा पहिल्यापासून निरपराध.

बल्बच्या मागे तीनच गोष्टी उरतात. टाकीला हवा, टाकीतली नळी आणि पाइप. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो बंद राहिला किंवा मिठाने चोंदला तर पेट्रोल निघून जाईल तशी आत पोकळी होते आणि पुढे पेट्रोल येत नाही. स्क्रू उघडाच होता. तरी एक फेरी झाकण सैल करून मारली, भावाने ते हाताने धरून ठेवलं. फरक शून्य. टाकीतली नळी बाहेर काढून तिच्या टोकाची जाळी पाहिली. दोन-चार कण होते, जाळी काही तुंबलेली नव्हती.

आता अदलाबदल. शेजारच्या होडीवाल्याकडून त्याची टाकी पाइपासकट मागून आणली. मशीन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट गेली, फेरे ५२०० ला जाऊन खिळले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण टाळ्या वाजवायची घाई केली नाही, कारण टाकी आणि पाइप दोन्ही एकदम बदलले होते. मग माझी टाकी, त्याचा पाइप. सुसाट. त्याची टाकी, माझा पाइप. बसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाळायला कंटाळा येतो, मध्येच वाटतं की कळलंय आता, पुरे. पण तिसरी फेरी मारली म्हणूनच टाकी बिनशर्त सुटली.

गंमत म्हणजे पाइप बाहेरून अगदी व्यवस्थित. भेग नाही, गळती नाही, कुठे दुमडलेला नाही. बल्ब आणि टाकी यांच्यामधला तुकडा सोडवून पायपंपाने त्यात हवा मारली, तर दुसऱ्या टोकाला फर्रकन बाहेर. शेजारी उभा असलेला एकजण म्हणाला, “पाइप तर मोकळो आसा रे, उगाच नवो घेतंस.” इथे माझीही मती जरा गुंग झाली. शेवटी तोच पंप उलटा लावून, ओढायच्या बाजूने, पाइपातली हवा खेचून पाहिली. दांडा अर्ध्यावर अडला. सोडला, परत खेचला, परत अडला. फुंकलं तर मोकळा, ओढलं तर बंद. आणि मशीन तर कायम ओढतेच.

कटर घेऊन पाइप उभा चिरला. बाहेरचं काळं रबर ठीक, मधलं दोऱ्याचं विणकाम ठीक. आतला पातळ थर मात्र टाकीकडच्या क्लिपपासून चार बोटांच्या लांबीत सुटून आला होता. बोटाने दाबला तर फोडासारखा मऊ, आणि क्लिपच्या जागी फाटून त्याची जीभ झालेली, मशीनच्या दिशेने लोंबणारी. हळू ओढ असेल तर जीभ भिंतीला चिकटून राहायची, पेट्रोल बाजूने जायचं. ओढ वाढली की सुटलेला थर आत खेचला जायचा आणि वाट बुजायची. थ्रॉटल कमी केला की तो परत मागे. मशीनच्या त्या मिनिटभराच्या नखऱ्याचा सगळा हिशोब त्या चिरलेल्या पाइपात उघडा पडला होता. पहिलं मिनिट कशावर चालायची? बल्ब आणि कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर, आणि थर मिटत असताना झिरपून येईल त्यावर.

आतला थर का सुटला? जेटीवर सगळ्यांनी एका सुरात इथेनॉलला जबाबदार धरलं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे तेच मिळू लागलं. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवतं, मऊ करतं, हे खरंच आहे. पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं मला पटत नाही. माझा पाइप कसला होता? बाजारात मीटरवर मिळणारा, अंगावर काही छापलेलं नाही, होडीत वर्षानुवर्षं उन्हात पडलेला, क्लिप म्हणून तार पिळलेली. तारेने आतला थर कापला जातो आणि तिथून पेट्रोल दोन थरांच्या मध्ये शिरतं. आमचा फाटलेला भाग नेमका तारेखालीच होता. इथेनॉलने काम पुढे नेलं असेल, सुरुवात तारेने केली.

इथेनॉलची खरी भीती मला पाण्यापायी वाटते. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी पडून राहिली की इथेनॉल पाणी शोषत राहतं, आणि प्रमाण हाताबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाला बसतो. टाकीतली नळीही तळालाच असते. त्या थरात तेल जवळपास नसतं, तेल वर पेट्रोलाबरोबर राहतं. टू-स्ट्रोकला याहून वाईट जेवण नाही. बघायची रीत सोपी आहे: टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचं आणि सावलीत स्थिर ठेवायचं. मध्ये रेघ दिसली तर ती टाकी मशीनला लावायची नाही. आमच्या बाटलीत रेघ नव्हती.

नवा पाइप घेताना या वेळी अंगावरचं छापील वाचूनच घेतला. बोटीच्या पेट्रोल पाइपावर एसएई जे१५२७ असं मानक लिहिलेलं असतं. मालवणात तो हवा त्या मापात मिळाला नाही, गोव्याहून मागवला. भाव साध्या पाइपाच्या कितीतरी पट, ऐकून भाऊ हसलाच. आतला व्यास जुन्याएवढाच ठेवला. बारीक पाइप घालून पैसे वाचवले तर उपासमार पुन्हा घरात. तारेऐवजी दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या क्लिपा, बेताने आवळलेल्या. चोखून चोखून थकलेला बल्बही बदलला. त्याच्या अंगावर बाण असतो, तो मशीनच्या दिशेने हवा, आणि सुरू करण्याआधी मशीनला पेट्रोल चढवताना बल्ब उभा, बाणाचं टोक वर करून दाबला तर आतले व्हॉल्व्ह नीट बसतात आणि चार-पाच दाबांत टणक होतो. कनेक्टरच्या आतली छोटी ओ-रिंग चपटी झाली होती, तीही गेली. मध्ये पाणी वेगळं करणारा एक फिल्टर बसवला, खाली पारदर्शक वाटी असलेला, म्हणजे काय साठतंय ते दिसतं.

नव्या पाइपावर पहिली फेरी आत खाडीतच, रिकाम्या होडीची. दुसरीला वाळूची पोती घालून वजन केलं, कारण रिकामी होडी कुठलीही मशीन पळवते. फेरे ५१०० ला उभे राहिले आणि तिथेच राहिले, खाडीतल्या त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटापासून पार आतल्या वळणापर्यंत. त्यानंतरच संगम ओलांडून बाहेर गेलो, तेही भरती बघून. परत आल्यावर प्लग काढून पाहिले. रंग परत बिस्किटी.

चिरलेला पाइप मी टाकून दिला नाही. तो जेटीवर हातोहात फिरला आणि त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी आपापल्या होडीतले बल्ब धावत्या मशीनवर चाचपून पाहिले. गॅरेजवाल्यालाही नेऊन दाखवला. तो पाइप उलटासुलटा करत राहिला आणि म्हणाला, पिंपात कळलं नसतं हो हे. मी म्हटलं, तेच तर. बिलातलं काही परत मागितलं नाही. कार्बोरेटर साफ झाला तो झालाच, वाया गेला नाही.

गिअरच्या सीलवरची तंगसाची खाच मात्र तशीच आहे. तेल अजून स्वच्छ आहे, दर पंधरवड्याला स्क्रू सैल करून थेंबभर बघतो. सील मागवलंय. पावसाळ्यात होडी वर ओढली की ते काम.